‘पैसे नकोत’ म्हणाला, म्हणजे किती द्यायचे?

परदेशात फिरताना तिथल्या माणसांशी पैशांवरून जे गमतीदार घोटाळे होतात, त्यांबद्दल आलेल्या प्रश्नांमधले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. विनिमय दर, विमा, व्हिसा हे विषय मुद्दाम बाजूला ठेवले. त्यांची माहिती कुठेही मिळते. टॅक्सीवाला भाडं नाकारतो तेव्हा काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

प्रश्न : इराणमध्ये टॅक्सीतून उतरताना भाडं विचारलं की चालक ‘काही नको’ म्हणतो, असं ऐकलं. खरंच द्यायचं नसतं का?

द्यायचं असतं, आणि पूर्ण द्यायचं असतं. या शिष्टाचाराला तिथे ‘तारोफ’ म्हणतात. चालक म्हणतो, ‘घाबेल नदारे’. म्हणजे साधारण ‘तुमच्यापुढे याची काय मातब्बरी!’ किराणा दुकानदार, भट्टीवरचा नानवाला, केस कापणारा, सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य असतं. ते ऐकून ‘मर्सी’, म्हणजे ‘आभार’, म्हणत चालू पडलात, तर पाठीमागून हाक तरी येते, नाहीतर चालक बिचारा संकोचाने गप्प बसतो. पहिला नकार आला की नोट पुढे करून ‘खाहेश मीकोनम’, म्हणजे ‘घ्या, विनंती आहे’, म्हणायचं. दुसरा नकार आला की पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आकडा ऐकू येतो, आणि तो भाड्यापेक्षा कमी असेल अशी आशा बाळगू नये. तीन-चार वेळा आग्रह करूनही समोरचा छातीवर हात ठेवून खरोखरच घेत नसेल, तर ती भेट समजून आभार मानावेत. दुकानात असं कधीमधी होतं, टॅक्सीत जवळजवळ कधीच नाही. बसण्याआधी भाडं ठरवून घेतलं की नाटक लहान होतं, इतकंच. ते टळत नाही.

आता आकड्याची गंमत. इराणच्या नोटा रियालच्या, पण माणसं बोलतात तोमानमध्ये. १० रियाल म्हणजे १ तोमान. त्यातही बोलताना हजार गाळतात. चालक ‘पन्नास’ म्हणाला तर त्याला ५०,००० तोमान म्हणायचे असतात, म्हणजे ५,००,००० रियाल, म्हणजे त्या रकमेची एकच नोट. शंका आली तर ‘तोमान या रियाल?’ असं सरळ विचारावं. हिंदीसारखंच फारसीतही ‘या’ म्हणजे ‘किंवा’च. बाहेरच्या देशांतली बँक कार्डं तिथे चालत नाहीत, त्यामुळे सगळा व्यवहार रोखीने करावा लागतो आणि हा प्रसंग दिवसातून दहा वेळा येतो. दुसऱ्या दिवसापर्यंत सराव होतो.

प्रश्न : तोंडचा आकडा आणि नोटेवरचा आकडा वेगळा, असं आणखी कुठे असतं?

बऱ्याच ठिकाणी. मोरोक्कोत चलन दिरहम, पण आठवडी बाजारातले वयस्कर विक्रेते अजून ‘रियाल’मध्ये भाव सांगतात. या रियालची नोट नाही, नाणं नाही. तो फक्त जिभेवर उरलाय. २० रियाल म्हणजे १ दिरहम. पुदिन्याच्या ढिगाला आजोबांनी ‘शंभर’ सांगितले तर ते ५ दिरहम असू शकतात. १०० दिरहमची नोट काढली की आजोबा आधी चकित होतात, मग हसतात आणि आजूबाजूच्या चार जणांना बोलावून सांगतात. परक्या माणसाशी बहुतेक जण दिरहममध्येच बोलतात, म्हणून हा धडा उशिराच मिळतो.

शेजारच्या अल्जीरियात लोक सेंटीममध्ये बोलतात, म्हणजे दिनारपेक्षा दोन शून्यं जास्त. फ्रेंचमध्ये ‘मिल’, म्हणजे हजार, ऐकलं की तिथे ते १० दिनार असतात. ट्युनिशियात एका दिनारचे १,००० मिलीम होतात, त्यामुळे फळ्यावर ‘२,५००’ दिसलं तर ते अडीच दिनार असतात. तिथला स्वल्पविराम हा दशांशचिन्ह आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांतही तसंच. जर्मनीत ‘१.२५०’ म्हणजे बाराशे पन्नास, सव्वा नव्हे. घड्याळाच्या दुकानाबाहेर ही चूक करणारे आत शिरेपर्यंत फार आनंदात असतात.

व्हिएतनाम आणि इंडोनेशियात उलटा प्रकार आहे. तिथे मागची तीन शून्यं कुणी उच्चारतच नाही. ‘पन्नास’ म्हणजे पन्नास हजार. पण व्हिएतनाममधला खरा घोटाळा रंगाचा. २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळ्या, आणि चलनातल्या नोटांवर चेहरा एकच, हो ची मिन्ह यांचा. टॅक्सीतल्या अंधुक दिव्यात एकीच्या जागी दुसरी गेली की पंचवीसपट पैसे जातात. शिवाय या नोटा प्लास्टिकच्या. नव्या असल्या की एकमेकींना चिकटतात आणि दोन एकदम निघतात. म्हणून एक लाख आणि त्यावरच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, देताना नोट बोटांत चोळावी आणि किंमत मोठ्याने म्हणावी. पाकीट उघडून ‘तुमचे तुम्ही घ्या’ असं म्हणू नये. समोरचा प्रामाणिक असला तरी तोही त्याच अंधारात बघतोय.

मेक्सिकोतही २० पेसोच्या जुन्या आणि ५०० पेसोच्या नव्या निळ्या नोटांवर बेनितो हुआरेस यांचाच चेहरा आहे, आणि टॅक्सीत ‘तुम्ही वीसचीच दिली’ हे वाक्य ऐकू येतं. तिथे पेसोसाठी डॉलरचंच चिन्ह वापरतात. कॉफीपुढे ते चिन्ह आणि ६० हा आकडा पाहून छाती धडधडली, तर ते पेसो आहेत हे आठवावं.

प्रश्न : इजिप्तमध्ये पन्नासच्या नोटेवरून फसगत होते म्हणतात. ती कशी?

पन्नासच्या नोटा दोन प्रकारच्या: ५० पाउंड आणि ५० पियास्टर. १०० पियास्टरचा १ पाउंड, म्हणजे दोघींच्या किमतीत शंभरपटीचा फरक. सुटे परत देताना पियास्टरची नोट सरकवली जाते, कधी ‘तुम्हीच ही दिली होती’ असं म्हणूनही. उपाय सोपा आहे. नोटेच्या एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असतो. इंग्रजी बाजू वर करून शब्द वाचायचा आणि मगच खिशात टाकायची.

भावफलकावरचे अरबी आकडे मात्र शिकूनच जावेत, तासाभराचं काम आहे. शून्य म्हणजे नुसता ठिपका. पाच गोल असतो, आपल्याला शून्यासारखा दिसणारा. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. सात इंग्रजी ‘व्ही’सारखा, आणि आठ म्हणजे तोच ‘व्ही’ उलटा. आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे. गोल दिसला की शून्य समजणाऱ्याला ५५ हा आकडा दोन शून्यांचा वाटतो आणि माल फुकट आहे की काय असं वाटायला लागतं.

प्रश्न : टिप कुठे द्यायची आणि कुठे नाही? एकीकडे टिप दिली म्हणून वेटर मागे धावतो, दुसरीकडे दिली नाही म्हणून.

पहिला देश जपान. टेबलावर ठेवलेली नाणी विसरलेली समजली जातात आणि कर्मचारी ती घेऊन रस्त्यापर्यंत येतो. ‘ठेवा तुम्हाला’ म्हणून वाद घालू नका, त्याला हिशोबात जास्तीचे पैसे नको असतात. पैसे हातात न देता काउंटरवरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. परतही तिथेच मिळतात. अपवाद म्हणजे र्‍योकान, पारंपरिक जपानी अतिथिगृह. तिथे खास सेवेबद्दल द्यायचंच असेल तर कोऱ्या नोटा पाकिटात घालून, आल्या आल्या, खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना देतात. नोट उघडी देणं तिथे ओंगळ दिसतं.

दुसरा देश अमेरिका. टिप मिळवणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याच्या कायद्याने ठरलेलं किमान रोख वेतन ताशी २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. बऱ्याच राज्यांनी ते वाढवलंय, पण वेटरचं पोट भरतं ते टिपवर. बसून जेवलात तर १५ ते २० टक्के धरून चाला. मोठा गट असेल तर बिल नीट वाचा, टिप आधीच लावलेली असू शकते. दोनदा दिली तर कुणी मागे धावत येत नाही. काउंटरवर कॉफी घेताना मशिनचा पडदा तुमच्याकडे वळवून १८, २०, २५ टक्क्यांची बटणं दाखवतात. तिथे ‘टिप नाही’ दाबलं तरी चालतं. पडदा वळवणारा त्या वेळी छताकडे बघत असतो, तुम्ही बटणाकडे बघा. आणखी एक: चिठ्ठीवरच्या किमतीत बहुतेक राज्यांत विक्रीकर धरलेला नसतो, त्यामुळे मोजून हातात धरलेली नाणी गल्ल्यावर कमी पडतात. वर तिथल्या नेहमीच्या नाण्यांवर किंमत आकड्यात लिहिलेलीच नाही. १० सेंटचं नाणं सगळ्यांत लहान, ५ सेंटच्याही पेक्षा, आणि त्यावर फक्त ‘एक डाइम’ असं अक्षरात. तळहातावर नाणी पसरून दुकानदारालाच निवडू द्या, तिथे सगळेच करतात.

आणि जर्मनीतला सापळा ‘डांके’चा, म्हणजे ‘धन्यवाद’चा आहे. १७ युरो ४० सेंट बिल झालं, तुम्ही वीसची नोट दिली आणि सवयीने ‘डांके’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘उरलेले तुम्हाला’ असा घेतला जातो. आजूबाजूच्या देशांतही हेच चालतं. हंगेरीत ‘कोसोनोम’ (तिथलं ‘धन्यवाद’) म्हटल्यावर तसंच होतं. सुटे परत हवे असतील तर नोट देताना गप्प बसा, आभार नंतर माना. टिप द्यायची तर रक्कम पूर्ण करून सांगायची: वीसची नोट देऊन ‘एकोणीस’ म्हटलं की १ युरो परत येतो. टेबलावर पैसे ठेवून जायची पद्धत तिथे नाही.

प्रश्न : मागवलं नव्हतं तेही बिलात लागतं. वाद घालावा का?

देशावर अवलंबून आहे. इटलीत ‘कोपेर्तो’ हा माणशी आकार असतो, टेबलाचा आणि पावाचा. मेन्यूवर छापलेला असेल तर वाद नाही. तीच कॉफी उभ्याने प्यायली की स्वस्त, बसून महाग. पुष्कळ बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती पुढे करून कॉफी मागायची. पावतीशिवाय काउंटरवर उभे राहिलात तर सगळे तुमच्याकडे प्रेमाने दुर्लक्ष करतात. जपानच्या इझाकायात, म्हणजे तिथल्या साध्या दारू-खाण्याच्या ठिकाणी, बसताच एक वाटी येते, ‘ओतोशी’. ती बसण्याची फी असते आणि खाल्ली नाही तरी लागते. पोर्तुगालमध्ये पाव, ऑलिव्ह, चीज आपोआप येतं, पण हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत. नको असेल तर लगेच परत द्या. एक ऑलिव्ह चाखून मग परत देणाऱ्याची बाजू जरा कमकुवत होते.

प्रश्न : जिथे जावं तिथे ‘सुटे नाहीत’. खरंच नसतात का?

पुष्कळदा खरंच नसतात. ठेलेवाला सकाळी थोडीच चिल्लर घेऊन निघतो आणि पहिल्या दोन प्रवाशांनी एटीएममधून निघालेल्या मोठ्या नोटा दिल्या की संपली. कैरोत सुट्यांना ‘फक्का’ म्हणतात आणि ती जपून ठेवायची वस्तू आहे. एटीएममधून काढताना रक्कम मुद्दाम अडनिडी निवडा, २,००० ऐवजी १,९००, म्हणजे काही लहान नोटा येतात. मोठी नोट पेट्रोल पंप, सुपरमार्केट किंवा हॉटेलच्या काउंटरवर मोडा, ठेल्यावर नको.

कंबोडियात अमेरिकी डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात. नोटा डॉलरच्या, पण डॉलरची नाणी चालत नाहीत, म्हणून डॉलरखालची मोड रिएलमध्ये देतात. साधारण ४,००० रिएलला १ डॉलर धरून. दीड डॉलरच्या वस्तूला पाचची नोट दिली की ३ डॉलर आणि २,००० रिएल परत येतात. पहिल्यांदा हे बघून ‘भलत्याच देशाचे पैसे दिले’ असं वाटतं. खरी काळजी घ्यायची ती फाटक्या डॉलरची. कोपऱ्याला चीर किंवा शाईचा डाग असेल तर नोट कुणी घेत नाही, आणि ज्याच्याकडे ती अडकलेली असते तो नवा प्रवासी शोधत असतो. प्रत्येक नोटेचे चारही कोपरे बघून हसत परत द्या, तो हसत दुसरी देईल. त्याला हे अपेक्षितच असतं.

सुट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेट हाती पडणं इंडोनेशियापासून झिंबाब्वेपर्यंत चालतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फिनलंड इथे मात्र रोखीचं बिल जवळच्या ५ सेंटला पूर्ण करतात, कारण लहान नाणी वापरातच नाहीत; ऑस्ट्रेलियाने ती १९९२ मध्ये बंद केली, कॅनडाने २०१३ मध्ये वाटणं थांबवलं. दोन सेंट मागायला गेलात तर देणाऱ्याकडे नाणंच नसतं.

प्रश्न : घासाघीस करताना परक्या माणसाच्या नेमक्या कोणत्या चुका होतात?

पहिली चूक वेळेची. व्हिएतनाममध्ये दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक शुभ-अशुभ ठरवतं. सकाळी सकाळी अर्धा तास भाव करून काही न घेता निघालात, तर विक्रेती पाठीमागे कागद पेटवून दुकानाभोवती फिरवू शकते, तुमची अवदसा घालवायला. घ्यायचं नसेल तर भवानीच्या वेळी भाव विचारू नये. घ्यायचंच असेल तर मात्र हीच वेळ उत्तम, कारण पहिली विक्री मोडायची नसते. तुर्कस्तानात या पहिल्या विक्रीला ‘सिफ्ताह’ म्हणतात. थायलंडमधली विक्रेती पहिल्या नोटेने सगळ्या मालावर हलकेच झटकते. तुमची नोट तिला नकली वाटली, असं समजून घाबरू नका.

दुसरी चूक हातवाऱ्यांची. चीनमध्ये एका हाताने दहापर्यंत आकडे दाखवतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. ते दोन समजून खूश होणारे रोज भेटतात. दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा. बल्गेरियात तर मान वर-खाली हलवली की ‘नाही’ आणि आडवी हलवली की ‘हो’. त्यात परदेशी माणूस दिसला की काही बल्गेरियन मुद्दाम आपली पद्धत उलटी करतात, मग दोघांनाही काही कळत नाही. शब्द ऐका: ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. तुम्ही सांगितलेला भाव समोरच्याने मान्य केला की वस्तू तुमची. ‘आता विचार करतो’ म्हटलं की जी गंमत चालली होती ती तिथेच संपते. म्हणून ज्या किमतीला खरंच घ्याल तीच तोंडातून काढा. इस्तंबूलच्या गालिचेवाल्याने दिलेल्या चहाचं मात्र काही बंधन नाही. तो पिऊन निघता येतं. तीन पेले आणि वीस गालिचे उलगडून झाल्यावर निघवत नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये मिळालेली पाउंडची नोट लंडनमध्ये घेतील का?

घेऊ शकतात, नाकारूही शकतात. स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या वैध चलन आहेत, पण इंग्लंडमधल्या छोट्या दुकानदाराने त्या क्वचितच पाहिलेल्या असतात. नोट उजेडात धरून तो बघतो, मालकाला हाक मारतो, रांग वाढते. सीमा ओलांडण्याआधी खर्चून टाका, किंवा मोठ्या सुपरमार्केटमध्ये द्या.

प्रश्न : कार्ड मशिनवर ‘तुमच्या देशाच्या चलनात भरायचं का’ असं विचारतात. सोयीचं वाटतं, मग हो म्हणावं?

नाही. नेहमी स्थानिक चलन निवडा. ओळखीच्या चलनातला आकडा दिलासा देतो, पण तो दर तुमच्या बँकेचा नसतो. मशिनमागच्या कंपनीचा असतो आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. ८० युरोच्या बिलावर समजा सहा टक्के चढवले तर ४.८० युरो गेले, दिलाशाचे. कधी वेटर स्वतःच बटण दाबून मशिन तुमच्यापुढे करतो, तुम्हाला मदत म्हणून. पिन टाकण्याआधी पडद्यावरचं चलन वाचा, चुकीचं असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. एटीएमवर ‘रूपांतर नाकारा’ या अर्थाचं बटण दिसतं आणि ते दाबलं तर पैसेच येणार नाहीत असं वाटतं. येतात.

प्रश्न : इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाल्याचा ब्रश पडला तर उचलून द्यावा की नाही?

द्या, पण पुढे जे होणार ते माहीत असू द्या. ब्रश चुकून पडलेला नसतो. उचलून दिलात की तो भारावून जाऊन ‘तुमचे बूट फुकट करून देतो’ म्हणतो, आणि पॉलिश करता करता घरच्या अडचणी सांगून शेवटी पैसे मागतो. पॅरिसमध्ये साक्रे-केर चर्चच्या पायऱ्यांजवळ मनगटावर दोरा विणणाऱ्यांचं तंत्र हेच: आधी देणगी, मग बिल. तिथे हात खिशात ठेवून चालायचं. इथे ब्रश हातात देऊन, पाय न थांबवता पुढे निघायचं. पाऊल पेटीवर टेकवलं की हरलात.

प्रश्न : परतताना उरलेल्या चिल्लरचं काय करावं? बदलून देणारे नाणी घेतच नाहीत.

घेत नाहीत, कारण वजन जास्त आणि मोल कमी. हॉटेलचं बिल चुकतं करताना आधी सगळी नाणी द्यायची आणि उरलेली रक्कम कार्डाने भरायची. काउंटरवरच्याला विचारलं तर बहुधा तयार होतो. काही विमानकंपन्या युनिसेफसाठी पाकिटं फिरवतात, ही योजना १९८७ पासून चालू आहे. रोमच्या त्रेवी कारंज्यात टाकलेली नाणीही कारितास या धर्मादाय संस्थेकडे जातात. मात्र टाकलेलं परत काढायला बंदी आहे, तेव्हा आधी मूठ उघडून बघा.

आणि नेपल्समध्ये असाल तर शेवटच्या सकाळी एका कॉफीऐवजी दोन कॉफींचे पैसे भरा आणि दुसरी ‘सोस्पेसो’ म्हणून सांगा. ती टांगून ठेवलेली कॉफी. नंतर कुणी खिसा रिकामा असलेला माणूस दारातून डोकावून ‘सोस्पेसो आहे का?’ असं विचारतो, आणि बारवाला मान हलवून कप मांडतो.